माशांचा महादेव

लातुरात आमच्या घराच्या मागच्या परसात आता एक मंदिर आहे. सोमवारी तिथं रांग लागते. श्रावणात तर माझ्या माहेरच्या मागच्या खिडकीपर्यंत लोक उभे असतात आणि आत कोण काय करतंय ते बघत असतात. देव स्वयंभू आहे, जागृत आहे, दुष्काळात प्रकटला, असं बाहेरच्या फरशीवर कोरलेलं आहे. मी नांदेडहून माहेरी जाते ती पुढच्या दारानं जाते आणि पुढच्याच दारानं परत निघते. त्या देवाला मी हात जोडत नाही. तिथं माझ्या वडिलांनी मासे पाळले होते, आणि तो देव माझ्या आईनं एका सकाळी चहाच्या आधी तयार केला, हे मला ठाऊक आहे.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. आम्ही लिंगायत, गावातले इतर लोक आम्हाला वाणी म्हणतात. गंजगोलाईच्या मागं एका बोळात अप्पांचं बारदान्याचं दुकान होतं. रिकामी पोती घ्यायची, झटकायची, फाटलेली शिवायची आणि पुन्हा आडतवाल्यांना विकायची. दिवसभर तागाची धूळ आणि तिनं लावलेला खोकला. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांतसुद्धा तुरीचा भुसा असायचा. पोरवयात रेणापूरकडच्या आमच्या खेड्यात ते नदीवर तासन्‌तास बसायचे म्हणे, मासे बघत. पकडायचा प्रश्नच नव्हता, खायचा तर त्याहून नव्हता. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही. नुसते बघायचे. आजोबांनी त्यापायी त्यांना मार दिला होता.

लातूरची जागा आजोबांनीच घेतलेली. स्वस्त मिळाली, कारण मागच्या परसात काळा खडक वर आलेला होता. तीन मोठे धोंडे. एक पुरुषभर उंच, वर निमुळता होत गेलेला. दुसरा आडवा आणि चपटा, त्यावर आई धुणं धुवायची. तिसरा त्या दोघांना टेकून तिरपा पडलेला. तिघांच्या मधे खोल खड्डा होता. त्यात मुरूम, फुटक्या बरण्या, खापरं असं काय काय साठलेलं. आई त्याला साप निघायची जागा म्हणायची, पण साप काही कधी निघाला नाही.

मग लातूरचा जिल्हा झाला. उस्मानाबादेपासून सुटलो म्हणून लोकांनी पेढे वाटले. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब आले, बाबू आले, शिपाई आले आणि त्यांची बिऱ्हाडं आली. ज्याच्या घरामागं चार हात जागा होती त्यानं तिथं खोली काढली. म्हशींच्या गोठ्यांना चुना मारून त्यांचे ब्लॉक झाले. आमच्या शेजाऱ्यानं तर संडासाला लागून खोली बांधली आणि तिच्यात शेतकी खात्यातला एक सरळमार्गी माणूस आणून ठेवला. आमच्या गल्लीत एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, होता. जिल्हा होईपर्यंत दुसऱ्याच्या ट्रकवर मुनशी होता, जिल्हा झाला आणि हा गुत्तेदार झाला. तो अप्पांना म्हणाला, सुरुंग लावतो, खडक उडवतो, तीन खोल्या काढून देतो. आमचं परस नव्या रस्त्याला लागून होतं, म्हणून त्याला फार कळवळा. आईलाही खोल्या हव्या होत्या. दरमहा भाडं आलं असतं, अप्पांचा खोकला थांबेपर्यंत दुकान बंद ठेवता आलं असतं. तिचं काही चुकत नव्हतं.

अप्पांना मात्र खडक फोडू वाटेना. का वाटेना, तेही सांगता येईना. आई खोदून खोदून विचारायची. ते म्हणायचे, राहू दे की, राहिलाय तर राहिलाय. एवढ्या उत्तरावर कुठली बायको गप्प बसेल? आमच्या घरात त्या खडकावरून जेवढी भांडणं झाली तेवढी सोयऱ्याधायऱ्यांवरूनही झाली नसतील.

एका उन्हाळ्यात त्यांनी पहार घेतली आणि खड्ड्यातला मुरूम उपसायला लागले. दुकानातून आले की अंधार पडेपर्यंत उपसायचे. आईला वाटलं, आपण जिंकलो. न मागता चहा द्यायला लागली. मग एकदा जेवताना त्यांनी हळूच सांगितलं की तिथं मासे पाळायचे आहेत. तव्यावरची भाकरी करपली तरी आई त्यांच्याकडं बघतच राहिली.

खडकाला धरून तळं करणं सोपं नसतं. चौकोनी हौद कुणीही बांधतो. इथं खडकाच्या वेड्यावाकड्या अंगाला भिंत चिकटवायची होती, आणि आमचा काळा दगड उन्हात असा तापतो की दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. पहिल्या खेपेला त्यांनी सिमेंट वापरलं. दिवसा खडक तापायचा, पहाटे निवायचा आणि त्या ओढाताणीत सिमेंट खडकाला सोडून द्यायचं. भरलेलं सगळं पाणी फटीतून शेजाऱ्याच्या परसात निघालं. शेजारीण भांडायला आली. अप्पांनी तिची माफी मागितली आणि सिमेंट सगळं छिन्नीनं काढून टाकलं.

मग त्यांना गावाकडची काळी माती आठवली. रेणापूरहून बैलगाडीनं माती आणवली. तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण घातलं आणि पायानं तुडवायला सुरुवात केली. मीही तुडवली. बी.ए. होऊन स्थळाची वाट बघत घरी बसले होते, म्हणजे रिकामीच होते. तुडवून लोण्यासारखी झाली की ती माती खडकाच्या एकेका फटीत अंगठ्यानं दाबून भरायची. कडेनं लहान दगड बसवायचे, त्यांच्या सांध्यांतही तीच माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि दगडाला आवळून धरते. फक्त तिला सुकू द्यायचं नसतं. सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आमच्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून अप्पा सांगायचे, हे तळं एकदा भरलं की कायम भरलेलं राहिलं पाहिजे, एकदा जरी कोरडं पडलं तरी गेलं.

पाणी आठ-पंधरा दिवस टिकलं तसे ते मांजरेकाठच्या एका भोयाकडं मासे आणायला गेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि हातात झाकणाचा डबा. भोयानं सरळ विचारलं की घरात शिजवणार कोण. पाळायला पाहिजेत म्हटल्यावर तो इतका हसला की दोन-चार पिल्लं वर फुकट दिली. हे अप्पांनीच घरी येऊन सांगितलं. त्यांना स्वतःवर हसता यायचं, ही त्यांची जमेची बाजू होती. पुढं तीही राहिली नाही.

बोटाएवढी ती पिल्लं वाढून हातभर झाली. दुपारी उंच धोंड्याची सावली पाण्यात पडायची, तिच्यात सगळे मासे येऊन थांबायचे. संध्याकाळी अप्पा चपट्या दगडावर बसून मुरमुरे टाकायचे आणि पाण्याला उकळी फुटल्यासारखं व्हायचं. त्या वेळी त्यांना खोकला यायचा नाही. आईलाही हे दिसत होतं. ती तोंडानं मात्र कधी चांगलं बोलली नाही. धुण्याचा दगड गेला म्हणून कुरकुरत पुढच्या अंगणात बादलीत धुणं धुवायची.

माझं एक स्थळ त्या माशांनी घालवलं. उदगीरचे पाहुणे आले होते, चांगले दुकानदार. मुलाचा मामा हात धुवायला मागं गेला आणि परत आला तो चेहरा उतरवूनच आला. पोहे अर्धे टाकून मंडळी उठली. वाणी मासे खायला लागले, अशी बातमी गोलाईपर्यंत पोचली. अप्पा ज्याला त्याला सांगत सुटले, पाळलेत, पाळलेत. लोक मान डोलवायचे आणि आपापसात बघून हसायचे. आईनं त्या रात्री अप्पांना वाढलं नाही. मी वाढलं. मला उदगीरचा मुलगा आवडलाच नव्हता, तेव्हा माझं फार काही गेलं नव्हतं.

त्यानंतर पाऊस गेला. एका वर्षी कमी झाला आणि दुसऱ्या वर्षी आला नाही म्हटलं तरी चालेल. जिल्हा नवा होता, कचेरीवरची पाटी नवी होती, नळ तेवढा जुना आणि कोरडा. गल्लीत टँकर यायचा. तो येणार म्हणून बायका सकाळपासून घागरी रांगेला लावायच्या आणि रांगेत घागर कुणी पुढं सरकवली यावरून जन्माच्या मैत्रिणी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आमच्या आडाच्या तळाला घागर-दोन घागरी पाणी यायचं, ते प्यायला ठेवायचो. अप्पांनी आंघोळ तांब्यावर आणली. लिंगपूजेचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, जे जे साबण न लागलेलं असेल ते ते तळ्यात नेऊन ओतायचे. तरी पाणी गुडघ्याच्या खाली गेलं. मासे उंच धोंड्याच्या बुडाशी गोळा होऊन राहायला लागले. वरची माती उघडी पडायला लागली तशी अप्पा तिच्यावर ओली पोती पसरून ठेवायचे.

गल्ली बोलायला लागली. माशाला पानी हाय अन् मानसाला न्हाई, असं आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. घसा कोरडा पडलेल्या माणसाला दुसऱ्याचे मासे दिसले तर राग येणारच. पण ते हिरवं पाणी पिण्याजोगं नव्हतं, आणि त्याच आठवड्यात गुत्तेदाराच्या बांधकामावर अख्खा टँकर रिकामा झाला होता. त्याच्याबद्दल कुणाच्या तोंडातून अक्षर निघालं नाही. गरीब बघून आवाज चढवायचा, ही आमच्या गल्लीची जुनी खोड.

शेवटी तोच गुत्तेदार दहा-बारा जणांना घेऊन आला. अगदी गोड बोलला. जनावरांना होईल, धुण्याभांड्याला होईल, उद्या सकाळी सगळे मिळून पाणी वाटून घेऊ. अप्पा बरं म्हणाले. मला त्यांचा असा संताप आला की सांगता येत नाही. एवढं कष्टानं केलेलं तळं, आणि हा माणूस बरं म्हणतो. लोक गेल्यावर ते आत येऊन भिंतीला टेकून बसले.

"माती सुकंल," एवढंच म्हणाले.

आई पलीकडं ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी मोरीत तोंड धुवायला गेले तर आई परसातून आत येत होती. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं पांढरी झालेली. देव्हाऱ्यातली अप्पांची विभूतीची वडी घेऊन ती चपट्या दगडावर चढली होती, हात उंच करून तिनं त्या निमुळत्या धोंड्यावर तीन पट्टे ओढले होते आणि शेजारच्या बेलाचं पान वर ठेवून आली होती. मी काही विचारायच्या आतच तिनं मला दटावलं.

"कुनाला बोलशील तर बघ. देवाचं पानी कुनी उपसत न्हाई."

मला हसू फुटलं. आयुष्यभर खोल्या खोल्या करत बसलेली ही बाई नवऱ्याच्या माशांसाठी एवढं करेल, असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. तिनं बोटं धुतली, ते पाणीसुद्धा तळ्यात टाकायला मला दिलं आणि चहा ठेवला.

गल्ली घागरी घेऊन आली आणि परसाच्या तोंडाशी थबकली. पुढच्या बाईनं घागर खाली ठेवून हात जोडले. मग दुसरीनं जोडले. गुत्तेदारानं पायातले बूट काढले. अप्पा लिंगपूजा आटोपून बाहेर आले, धोंड्याकडं बघत उभे राहिले आणि कुणी केलं म्हणून विचारलं. आई पदर डोक्यावर घेऊन अंगण झाडत राहिली. लोक रिकाम्या घागरी घेऊन परत गेले. पाणी वाचलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट मी माझ्या नातवंडांना हसत सांगितली असती.

आमच्याकडं पाऊस लांबला की महादेवाला पाण्यात कोंडतात. गाभारा पाण्यानं भरायचा आणि पिंड बुडवायची. देव गुदमरला की पाऊस सोडतो, असा हिशोब. गल्लीनं तिसऱ्याच दिवशी ठरवलं की आता आपल्यात महादेव प्रकटलाय तर त्याला बुडवलं पाहिजे. आमचा महादेव पुरुषभर उंच. पण ज्यांनी आमच्याकडून पाणी न्यायला घागरी आणल्या होत्या त्यांनीच आता त्या भरून आणल्या. प्यायचं पाणी आणलं. उरलेलं भरायला गुत्तेदारानं टँकर आणला आणि त्याच्यापुढं नारळ फोडला. कडेनं दगडमातीचा बांध वाढवला. तळं इतकं तुडुंब भरलेलं आम्ही कधी बघितलं नव्हतं. मासे मोकळे फिरायला लागले. अप्पा मुरमुरे टाकायचे आणि लोक म्हणायचे, देवाचे मासे, देवाचे मासे. आई आणि मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसायचो. चार दिवस काय ते सुख झालं.

पुढं दूध आलं. चहाला थेंब नव्हता, देवाला मात्र लोटे निघाले. दह्याचे, तुपाचे, उसाच्या रसाचे अभिषेक झाले. हळदीकुंकू, गुलाल, नारळाचं पाणी, तेलाचे दिवे, बेलाच्या पानांचा लगदा. पाणी पांढरं झालं, मग पिवळं, मग वर तेलाचा तवंग. मासे तोंडं वर काढून हवेला चावे घ्यायला लागले. लोकांना वाटलं, नामस्मरण करतायत. अप्पांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून सांगितलं की दूध घालू नका, मासे मरतील. एका बाईनं त्यांची समजूत काढली: अप्पा, देवाला न्हाई कसं म्हनावं. ते आईकडं आले, आत्ता काय करू म्हणाले. आई चुलीशी बसली होती. तिचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं. पण कुणापुढं जाऊन काय सांगणार होती? बाहेर शंभर माणूस होतं.

सोमवारी सकाळी सगळे मासे उलटे होऊन वर आले होते. देवानं आपल्यात घेतले, असं लोक म्हणाले, आणि लगेच नाकाला पदरही लावले. अप्पांनी एकेक मासा उचलून पोत्यात भरला. पोतं दुकानातलंच, नीट झटकलेलं, भोकं शिवलेलं. सायकलला बांधून गावाबाहेर नेलं आणि पुरलं. आमच्यात माणूस गेला तर जाळत नाहीत, बसवून पुरतात. मासे त्यांनी कसे ठेवले ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाटलेलं पाणी उपसून टाकणं आलंच. गल्लीनं एका दुपारीत तळं कोरडं केलं. अप्पांनी म्हटल्याप्रमाणे माती सुकली आणि तिला भेगा गेल्या. गुत्तेदारानं ती खरवडून काढली, सिमेंट ओतलं आणि वर पांढऱ्या फरश्या लावल्या. तिरपा धोंडा आड येत होता म्हणून फोडला. चपट्यावर नंदी बसवला.

पाऊस पुढं पडला. पडायचाच होता. तो नांदेडात पडला, मुखेडात पडला, जिथं कुणी कुणाला बुडवलं नव्हतं अशा शेकडो गावांत पडला. श्रेय मात्र आमच्या परसाला मिळालं.

अप्पा काही दिवस दुकानातून उशिरा यायचे आणि मागं न बघता झोपायचे. देव गळ्यात असलेल्या माणसानं दारोदार देव शोधत हिंडू नये, असं म्हणून त्यांनी जन्मात कधी देवळात पाय ठेवला नव्हता. त्यांना मी एका सकाळी त्या धोंड्यापुढं बसलेलं पाहिलं. डोळे मिटलेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"बाई, मला खडक फोडू का वाटत नव्हता, आता कळलं," ते म्हणाले. "मी त्येला धोंडा समजून बसलो. आन् त्येनं मला धरून ठिवलं हुतं. मासे त्येनंच आनवले, त्येनंच नेले."

मी मान हलवली. ज्याचे मासे गेले त्या माणसाला कुठलं तरी कारण लागतंच, आणि हे त्याला पुरत होतं. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, असू दे, त्येच्या जिवाला तेवढंच. त्यानंतर आम्ही दोघी त्या विषयावर तोंड मिटून राहिलो.

माझं लग्न लगेच जमलं. ज्या परसानं उदगीरचं स्थळ घालवलं त्याच परसानं नांदेडचं आणलं. महादेव प्रकटलेल्या घरची मुलगी म्हणून सासूबाईंनी हुंड्याचा शब्दही काढला नाही. देवाचा मला झालेला एवढाच उपयोग. मी नांदेडला गेले. मागं परसाची भिंत पाडून रस्त्याकडं कमान झाली. समिती झाली, गुत्तेदार तिचा अध्यक्ष झाला. पत्र्याची शेड आली, कर्णा आला. कमानीच्या दोन्ही अंगांना फुलांची आणि पेढ्यांची दुकानं निघाली, तीही त्याच्याच भाच्यांची. अप्पांनी सगळी जागा हसत दिली. रोज सकाळी ते स्वतः देवळाची फरशी पुसायचे. दुकान बंद केलं तरी खोकला राहिला होता, पण देवळात असताना येत नाही म्हणायचे.

मग समितीला सभामंडप हवा झाला. त्यासाठी आमचं स्वयंपाकघर, मोरी आणि आड जाणार होता. पुढच्या दोन खोल्या आम्हाला राहायला ठेवणार होते, हे गुत्तेदारानं उपकार केल्यासारखं सांगितलं. अप्पा म्हणाले, देवाचंच हाय. आईनं पहिल्यांदा नाही म्हटलं. भांडली, रडली, जेवण सोडलं. अप्पा तिला समजावत राहिले की चूल काय, पुढच्या खोलीतही पेटेल.

श्रावणात मी गेले होते. आरती झाल्यावर मंडपाची बैठक होती. सतरंजीवर पुरुष, मागं बायका. अप्पा पहिल्या रांगेत, धोंड्याकडं तोंड करून. गुत्तेदार बोलत असताना आई उठली. तिनं आजवर चार माणसांत आवाज काढलेला नव्हता. ती बायकांमधून वाट काढत पुढं गेली, धोंड्याला पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली,

"ती पहिली इबूत म्या लावली. ह्यांचे मासे वाचावेत म्हनून लावली. देव न्हाई कुठला. धोंडा हाय त्यो."

मला वाटलं, झालं, आता आमचं परस सुटलं. गुत्तेदार दोन्ही हात जोडून तिच्या पायाशी वाकला.

"काकू, लावली तुमीच. पन तुमच्या हातून लावून घेतली कुनी?"

हर हर महादेवचा असा गजर झाला की शेडचे पत्रे थरथरले. कुणीतरी शाल आणली, कुणी नारळ. बायका आईच्या पाया पडायला रांगेनं यायला लागल्या. ती एकेकीला सांगत होती, अगं बायांनो, खरंच म्या लावली, अन् त्या म्हणत होत्या, व्हय माय, धन्य तुझा हात. मी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढत होते. त्या गर्दीच्या कानाखाली एकेक वाजवावी असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं. मंडप पुढं झालाच. स्वयंपाकघर गेलं, आड बुजवला. फरशीवरच्या मजकुरात आता आईचाही उल्लेख आहे: एका पुण्यवान माउलीच्या हातून.

पण मला खरं खातं ते मंडपाचं नाही. तिथं बसलेल्या एवढ्या लोकांत आईवर विश्वास ठेवला तो एकाच माणसानं. मी अप्पांचा चेहरा पाहिला होता. गजर चालू असतानाच ते सतरंजीवरून उठले आणि कुणाकडं न बघता, परसातून न जाता, रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं घरात गेले.

मी आईला घेऊन आत आले तेव्हा ते खाटेवर बसले होते. बाहेर अजून घोषणा चालू होत्या. आईच्या अंगावर ती शाल तशीच होती.

"खरंच तू लावलीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय," आई म्हणाली.

खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी जाऊ दिली.

"मग मासे कशापायी मेले गं?"

आईनं खांद्यावरची शाल काढली आणि तिथंच जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसली.